पंप बघून येतो

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला बिचारा समजायला नको. शाळेत मुलं माझ्यामागं मला ‘तवा’ म्हणायची आणि ते मला ठाऊक होतं. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली असतील. घरी आलो तरी तवा काही गार व्हायचा नाही, कारण घरी दादा असायचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. रेवदंड्याला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. फार मोठी नाही, दोन भावांना पुरेल एवढी. वडील गेल्यावर दादानं वाडी सांभाळली आणि मी नोकरी. मी लग्न केलं नाही. घराचा मागचा भाग माझा, पुढचा दादा-वहिनीचा, आणि स्वयंपाकघर एकच. त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून तिथं तीनच माणसांचं शिजायचं. दोन वेळचं मी वहिनीच्या हातचं जेवत आलो. अजूनही जेवतो, आणि हे लिहिताना मला लाज वाटते.

दादाचा दिवस देवापासून सुरू व्हायचा. पहाटे सोवळं नेसून घरची पूजा, मग गावदेवीच्या देवळात. देवीला रोजचं पहिलं फूल आमच्या घरचं, असा जुना मान आहे. ते फूल दादा स्वतः गाभाऱ्यात जाऊन वाहायचा. ताप असला तरी जायचा. ते झाल्याशिवाय चहा नाही.

माझं उलट. कॉलेजात असताना एका सकाळी आंघोळ करून देवापुढं उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की मी भिंतीशी बोलतोय. काही संकट कोसळलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. नुसतं लक्षात आलं. मी ते मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मनात ठेवणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं. दादानं ताटावरून उठून माझ्या कानाखाली वाजवली, आणि मी आमटीची वाटी भिरकावली. तिथून आमचं जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं.

भांडणं तरी कसली. एका गणपतीत ऐन आरतीला मी माझ्या खोलीत मुद्दाम मोठ्यानं रेडिओ लावला. दादानं आरती पुरी केली, सगळ्यांना प्रसाद दिला, मग शांतपणे आत येऊन रेडिओ उचलला आणि परसातल्या विहिरीत टाकला. मी त्याच्या मागं गेलो आणि पूजेची घंटा विहिरीत टाकली. दोन जाणते बाप्ये विहिरीच्या काठावर एकमेकांच्या बंडीला धरून उभे, आणि शेजारची माणसं हातात प्रसाद घेऊन बघतायत. वहिनीचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली असतील. ती मध्ये पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना ताटं वाढली आणि म्हणाली, “ह्या घरात आता एक नियम. देवावरून ज्याचं डोकं तापेल त्यानं उठायचं आणि पंप बघून यायचं. परत येईपर्यंत दुसऱ्यानं विषय बदलायचा.”

पंप म्हणजे वाडीच्या टोकाला दुसऱ्या विहिरीवर बसवलेला. पोफळींना पाणी लागतं, त्यामुळं तो बघायला जायला कारण नेहमीच असायचं. जाऊन यायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात राग पुरता जायचा नाही, पण हात उचलण्याइतका उरायचा नाही. आम्ही दोघांनीही तो नियम पाळला. “पंप बघून येतो” म्हणून दादा उठला की मी समजायचो, आपलं बोलणं आज वर्मी लागलं. मी उठलो की तो मिशीत हसायचा. पावसाळ्यात पंप बंद असतो. तरीही आम्ही उठायचो, आणि वहिनी हातात छत्री द्यायची. पंप बंद आहे, असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादाचं पोट बिघडलं. आधी काढे झाले, मग अलिबागला डॉक्टर झाले, मग नळी घालून तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. वाईट जातीची होती. मुंबईच्या सर्जननं रिपोर्ट बघून सांगितलं, की अजून पसरलेली नाही, काढून टाकता येईल, पण महिन्याच्या आत या. आणि जाता जाता म्हणाले, की काही महिने पोटाला पिशवी लावावी लागेल, शौचाची. नंतर बहुतेक निघेल.

दादा ऑपरेशनला भ्याला नाही. तो पिशवीला भ्याला.

“पोटाला घाण बांधून मी गाभाऱ्यात कसा जाऊ?” तो म्हणाला. मी म्हटलं, काही महिने जाऊ नकोस, फूल वहिनी नेईल. तो म्हणाला, बाई गाभाऱ्यात जात नाही. मी म्हटलं, मग मी नेतो. त्यावर तो माझ्याकडं असा बघत राहिला की मीच उठून पंप बघून आलो.

तीन आठवडे असेच गेले. मी रोज समजवायचो, म्हणजे ओरडायचो. रिपोर्ट त्याच्यापुढं आपटायचो. नाशिकहून मुलगी फोनवर रडायची. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच म्हणायचा, “तिला विचारतो.” तिला म्हणजे देवीला. आमच्याकडं कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, खटला, सगळं तिथं ठरतं. त्या पाकळ्यांवरून आमची किती भांडणं झाली असतील ते त्या पंपालाच ठाऊक. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, “लावणारा हात माणसाचाच असतो ना?” ह्या वाक्यावर दादा हमखास उठायचा.

डावी पडली तर माझा भाऊ मरणार होता, इतकं ते साधं होतं. कौलाच्या आदल्या दिवशी मी देवळात गेलो. गुरव माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा आहे, पण मला बघितलं की अजून हातातलं काम खाली ठेवतो. तो अंगणात समया घासत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “उजवीला पाणी कमी लाव. नुसतं टोकाशी. पाणी कमी तर पकड कमी.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “सर, तुम्ही सांगताय हे?”

“मीच सांगतोय. जिवाचा प्रश्न आहे.”

“बरं,” तो म्हणाला आणि समयी पुन्हा हातात घेतली.

मला त्यात लबाडी वाटली नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. घरी येताना मी स्वतःशी हसत होतो. इतकी वर्षं त्या हातावरून भांडलो, एकदा तो आपल्या कामी आला तर बिघडलं कुठं, असं माझं गणित.

कौलाला मी सभामंडपातच खांबाशी उभा राहिलो. दादा आणि वहिनी पुढं होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, त्यात पिशवीचंही विचारलं. पोटाला पिशवी लागली तरी लेकरू तुझ्या पायाशी आलेलं चालेल काय, असं. बाहेर कुठंतरी नारळ पाडत होते, त्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. दादा खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला. वडील गेले तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. घरी येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता, “ये म्हणाली. पिशवीसकट ये म्हणाली.”

चार दिवसांनी आम्ही निघालो. रस्त्यानं गाडीत बसून जाणं त्याला सोसलं नसतं, म्हणून रेवसवरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायचं आणि तिथून टॅक्सीनं हॉस्पिटल, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. वहिनीला लाँच लागते, ती खाली आत बसली, डोळे मिटून. आम्ही दोघं वर वाऱ्याला बसलो. ऊन कोवळं होतं. दादाच्या खिशात देवीच्या अंगाऱ्याची पुडी होती, ती तो मधूनमधून चाचपत होता. महिनाभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. भ्यालेलाच होता, पण चेष्टेच्या रंगात आला होता. दादा भ्याला की चेष्टा करायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. ठाऊक होतं, हेच तर माझं दुःख आहे.

शेजारी एक कोळीण बसली होती, मुंबईला सुकी मासळी घेऊन निघालेली. दादानं तिच्याशी गप्पा सुरू केल्या. कुठं चाललात, तर ऑपरेशनला. कसलं, तर पोटाचं. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, “हा आमचा धाकटा. मास्तर. शाळेत विज्ञान शिकवायचा. आयुष्यभर मला शिकवत आला की देव नाही.”

“न्हाय कसा?” कोळीण म्हणाली. “दर्यावर ये म्हनावं एकदा.”

“महिनाभर माझ्या डोक्याशी बसून बोंबलला, ऑपरेशन कर, ऑपरेशन कर. मी ढिम्म. आणि देवीनं एका पाकळीत सांगून टाकलं. तेव्हापासून बघा, मास्तरांची वाचाच बसली.”

ती हसली. पलीकडचे दोघे-तिघे हसले. एक कॉलेजातला वाटावा असा पोरगाही हसला. मी समुद्राकडं बघत बसलो. ह्यात काय होतं? काही नव्हतं. घाबरलेला म्हातारा धाकट्या भावाची चेष्टा करत होता. मी नुसतं हसलो असतो तरी पुरलं असतं.

“बोल ना रे मास्तर,” दादा म्हणाला. “परत आलो की देवळात येऊन एक नमस्कार घाल. एवढं तरी कबूल कर, की तुझ्या रिपोर्टांपेक्षा तिची पाकळी भारी.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. पंप नव्हता. उठून कुठं जाणार, चारी बाजूंना पाणी. तरी मी उठलो असतो, दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो असतो, पण सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला उठून जायचं नव्हतं. मला बोलायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या क्षणी मला दादाचं पोट आठवलं नाही, गाठ आठवली नाही. मला फक्त तो हसरा चेहरा बंद करायचा होता.

“ती पाकळी मी पाडली,” मी म्हटलं. “गुरवाला आदल्या दिवशी सांगून आलो होतो, उजवीला पाणी कमी लाव म्हणून. तुझी देवी काही बोललेली नाही. मी बोललोय.”

हसणं थांबलं. कोळणीनं तोंड फिरवलं आणि टोपलीवरचं फडकं नीट केलं.

दादानं हळू आवाजात विचारलं, “मी देवळात रडलो तेव्हा तू हसत होतास?”

मी हसत नव्हतो. आई शप्पथ हसत नव्हतो. मीही खांबाआड डोळे पुसले होते तेव्हा. पण ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. दादानं खिशातली पुडी काढली, बघितली, आणि पुन्हा खिशात ठेवली. बाकीचा प्रवास आम्ही तसेच बसून केला.

धक्क्यावर उतरल्यावर मी टॅक्सीकडं वळलो, तर दादा मागं नव्हता. तो तिकिटाच्या खिडकीपाशी उभा होता, परतीच्या लाँचचं तिकीट मागत. वहिनीला काहीच ठाऊक नव्हतं. ती लुगडं सावरत त्याच्यामागं धावली, “अहो, काय झालं? काय झालं?” तो म्हणाला, “तिनं सांगितलेलं नव्हतं गं. चल घरी.”

मी त्याच्या पाया पडलो. धक्क्यावर, मासळीच्या पाण्यात, गुडघ्यांवर बसून. म्हटलं, “दादा, माझं चुकलं. पण गाठ खरी आहे. डॉक्टर खरे आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेव. माझ्यावर ठेव.”

“तुझ्यावर?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. “तिनं ये म्हटलं म्हणून माझा पाय घराबाहेर पडला. आता मी कुणाच्या भरवशावर पोट फाडून घेऊ? ज्यानं फसवलं त्याच्या?”

आणि तो परतीच्या लाँचमध्ये चढला. वहिनी चढली. मीही चढलो, दुसरं काय करणार. ह्या खेपेला तिघंही खाली आतच बसलो. रेवसला पोचेपर्यंत वहिनीला सगळं कळलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तसा हरणारा माणूस नाही. दोन दिवसांनी देवळात गेलो. माझ्या डोक्यात आलं होतं, की पुन्हा कौल लावायचा, खराखुरा, दादासमोर. म्हणजे बघा, मी देवीकडं दाद मागायला निघालो होतो. गुरवाला म्हटलं, मागच्या वेळचं मी दादाला सांगून बसलोय, आता पुन्हा लावावा लागेल. तो एकदम पांढरा पडला.

“सर, काय सांगितलंत?”

“हेच. की तू उजवीला पाणी कमी लावलंस.”

तो पायरीवर बसला. म्हणाला, “मी नाही लावलं कमी. तुमच्यासमोर नाही म्हणायची मला सवय नाही म्हणून बरं म्हटलं. पण आत गेल्यावर हात होईना. दोन्ही सारख्याच भिजवल्या आणि सारख्याच लावल्या. मी स्वतः घामाघूम झालो होतो, डावी पडते की काय म्हणून.”

“मग उजवी?”

“पडली ती. तिची ती पडली.”

माझा आनंद काय सांगू. दोन पाकळ्यांतली एक आधी पडायचीच, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. तरी मी गुरवाचा हात धरून जवळजवळ पळतच घरी आलो. दादा ओटीवर पडून होता. मी धापा टाकत म्हटलं, “दादा, कौल खरा होता. मी खोटा पडलो. विचार ह्याला. देवीनंच सांगितलंय तुला.”

हे मी बोललो. मी.

गुरवानं सगळं सांगितलं, देवीची शपथ घातली. दादानं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “ह्याला काय पढवून आणलंस आता?”

“काही नाही पढवलं. खरंच सांगतोय.”

“लाँचवरही खरंच सांगत होतास.” मग गुरवाला म्हणाला, “तुझ्यावर माझा राग नाही. तू तरी काय करणार. मास्तरांनी सांगितलं की तुला ऐकावं लागतं.”

“पुन्हा लावतो,” गुरव रडकुंडीला येऊन म्हणाला. “तुम्ही स्वतः पाकळ्या भिजवून द्या.”

“नको,” दादा म्हणाला. “लावणारा हात माणसाचाच.”

हे माझं वाक्य. चाळीस वर्षं मी ते त्याच्या डोक्यात घालायला बघत होतो, आणि ते जाऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरची पूजा वहिनी उरकायला लागली. देवीचं पहिलं फूल आमच्या घरून जाईना, तेव्हा गुरव स्वतःच आमच्या कुंपणावरची जास्वंद नेऊन वाहायला लागला. दादा सकाळी उठला की आधी चहा मागायचा. मला हवं तेच झालं होतं. मी समोर बसून त्याला चहा पिताना बघायचो आणि माझा कप तसाच गार व्हायचा.

मुलगी आली, जावई आले, अलिबागचे डॉक्टर घरी येऊन बोलून गेले. तो कुणाशी भांडला नाही. कुणी देवाचं नाव काढलं की डोळे मिटायचा, डॉक्टरांचं काढलं तरी मिटायचा. शिमग्यात देवीची पालखी दारात आली. दरवर्षी दादा ती खांद्यावर घेऊन अंगणात नाचवायचा. ह्या वर्षी तो ओटीवरून उठला नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. वहिनीनं एकटीनं देवीची ओटी भरली. तेव्हा मी पुढं झालो आणि पालखीला खांदा दिला. सगळं गाव बघत होतं. मी हात जोडले, कपाळ टेकलं, दादाला दिसेल असं. त्यानं मान वळवून बघितलं.

“नाटकं नको करूस रे,” तो म्हणाला.

चैत्र सरता सरता आतडं अडलं. अलिबागला नेलं, पण आता सगळीकडं पसरलंय, काही करण्यासारखं उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी तो नुसता हाडांचा राहिला होता. एकदा त्याला पाणी पाजताना मी म्हटलं, “दादा, एकदा तरी शिव्या घाल मला.” त्याला बोलवत नव्हतं. तो ओठ हलवत होता म्हणून कान जवळ नेला. म्हणाला, “पोफळी सुकतायत. पंप बघून ये.” मला कळेना की तो मला गप्प करतोय की खरंच पोफळींचं सांगतोय. मी गेलो आणि पंप चालू करून पाणी पाटात पडेपर्यंत तिथं उभा राहिलो. परत आलो तर झोपला होता. त्यानंतर तो आठवडाभर होता, पण माझ्याशी बोलला नाही.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोनच माणसं उरलो. मला वाटलं होतं वहिनी मला वेगळं करेल, आणि केलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण तेरावा झाला त्या दिवशी संध्याकाळी तिनं माझं ताट नेहमीच्या जागी मांडलं. मग रोज तशीच वाढायची आणि समोर भिंतीला टेकून बसायची. आम्ही बोलत नव्हतो.

आषाढात एका दुपारी भात कालवत होतो, बाहेर पाऊस लागलेला होता. वहिनी म्हणाली, “भावजी, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा.”

“गुरव त्या दिवशी ओटीवर बोलला, ते मी आतून ऐकलं होतं. कौल आपोआप पडला म्हणाला. ते खरं का? देवीनं त्यांना खरंच जा म्हणून सांगितलं होतं?”

माझा हात ताटातच राहिला. तिचे डोळे माझ्यावर होते आणि ती कशाला भीत होती ते मला स्वच्छ दिसत होतं. देवीनं जा म्हटलं असेल, तर तिचा नवरा जगायचा होता. तर मग धक्क्यावर तिनं त्याचा हात धरून ओढायला हवं होतं, मुकाट्यानं परतीच्या लाँचमध्ये चढायला नको होतं. हे सगळं तिनं कितीतरी दिवस मनाशी घोळवलं असणार.

आयुष्यभर मी एकाच गोष्टीची फुशारकी मारत आलो, की मी खरं ते तोंडावर बोलतो.

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “गुरव खोटं बोलला. मीच त्याला पढवून आणलं होतं. उजवी मीच पाडायला लावली होती.”

तिनं खूप मोठा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले. आणि म्हणाली, “मग ठीक आहे. मग तिनं पाठवलंच नव्हतं त्यांना. त्यांचं आयुष्यच तेवढं होतं. तिची इच्छा.”

तिची इच्छा. माझ्या कानशिलांत पुन्हा तेच रक्त चढलं. मला ओरडायचं होतं, की कसली इच्छा, लिंबाएवढी गाठ होती, दोन तासांचं काम होतं, तो आत्ता इथं बसून जेवला असता. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिनं माझ्या पानात वरून भात वाढला, मी मागितला नसताना.

“पंप बघून येतो,” मी म्हटलं आणि उठलो.

पंप मृगापासून बंद होता. वहिनी उठली, दारामागची छत्री काढली आणि माझ्या हातात दिली.